बालगंधर्व पाडायचं असेल तर आधी टेम्पोला जागा दाखवा

नमस्कार मंडळी. मी नाटकांचे लाइट ऑपरेट करतो, वीस-बावीस वर्षं झाली. म्हणजे तुम्ही अंधारात बसलेले असता तेव्हा मी तिथेच कुठेतरी असतो, फक्त दिसत नाही. आज दिसणार नाहीच, पण आवाज तरी ऐका, कारण पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय.

जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी बागेला लागून उभी असलेली ही वास्तू. ८ ऑक्टोबर १९६२ला तिचं भूमिपूजन झालं, आणि ते कोणी केलं माहितीये? खुद्द बालगंधर्वांनी! स्वतःच्या नावाच्या थिएटरचं भूमिपूजन स्वतःच्या हातानं. पण उभं राहिलेलं थिएटर काही त्यांना बघायला मिळालं नाही, १५ जुलै १९६७ला ते गेले, आणि २६ जून १९६८ला, म्हणजे ते असते तर ज्या दिवशी ऐंशी पूर्ण झाले असते त्या दिवशी, यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते उद्घाटन झालं. थिएटर कसं असावं याच्यात पुलंनी जातीनं लक्ष घातलं होतं. आणि आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. प्रयोगाआधी वेळ असला की मी अजूनही त्यांच्यासमोर जाऊन उभा राहतो, सवयच झालीये.

आता ही वास्तू पाडून नवीन बांधायची चर्चा २०१८पासून चालू आहे. २०२२मध्ये तर ती फारच तापली होती. एकाऐवजी तीन सभागृहं, मोठं पार्किंग वगैरे. कलाकारांमध्ये सरळ दोन गट पडले आणि दोन्हीकडे माझी माणसं आहेत.

खरं सांगायचं तर नवीन काही करूच नका असं मी म्हणत नाही. १९६८चं पुणं सायकलींचं होतं हो, तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार होतं की हजारभर माणसं नाटकाला येतील आणि त्यातली निम्मी चारचाकीनं येतील. लाइटचंही तेच, तेव्हाचं वायरिंग तेव्हाच्या दिव्यांसाठी, आज आम्ही एलईडी आणतो, प्रोजेक्टर आणतो, साउंडवाल्यांचा लोड वेगळा. व्हीलचेअरवरच्या माणसाला दारापासून खुर्चीपर्यंत कोणाला हाक न मारता जाता आलं पाहिजे, हा विचार त्या काळी बांधलेल्या कुठल्याच थिएटरात फारसा नाही. आणि जुन्या थिएटरांचे हाल मी जवळून पाहिलेत. एका ठिकाणी, गावाचं नाव घेत नाही, दुसऱ्या अंकात एसी बंद पडला, मे महिना, नऊवारीतली आमची नटी विंगेत आली ती भिंतीला टेकूनच बसली. तरी पुढच्या एंट्रीला उभी राहिली. अशा वेळी फार राग येतो.

पण पाडायच्या आधी मला एक उत्तर पाहिजे. मधल्या काळात आम्ही कुठे जायचं?

दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ, असे दिवसाला तीन प्रयोग धरा आणि काम दोनच वर्षं चाललं असं धरा, म्हणजे दोन हजारांच्या वर प्रयोगांना दुसरी जागा शोधायची. पुण्यात भरत नाट्य मंदिर आहे, टिळक स्मारक आहे, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे, पण त्यांच्या तारखांसाठी आत्ताच रांग असते. आणि नुसती नाटकंच नाहीत ना, लावणीचे शो आहेत, ऑर्केस्ट्रा आहेत, शाळांची गॅदरिंग, डान्स क्लासवाल्यांचे कार्यक्रम. लावणीच्या पार्ट्यांना तर सगळीकडे तारीख मिळतेच असं नाही, त्यांनी काय करायचं? आम्हाला महिन्याचा पगार नसतो, नाइट असते. प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. २०२०च्या मार्चमध्ये थिएटरं बंद झाली तेव्हा माझ्याबरोबर सेट लावणारा मुलगा भाजीची गाडी लावून उभा राहिला आणि नंतर तो परत आलाच नाही. चांगला हात होता त्याचा, अंधारात खिळा न चुकता मारायचा.

ठाण्याचं गडकरी रंगायतन बघा, तलावपाळीवरचं, १९७८चं. तिथे पाडापाडी न करता मोठी दुरुस्ती केली आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये पडदा परत वर गेला. कोल्हापूरचं वेगळं, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांनी बांधलेलं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मोठमोठे कलावंत तिथे उभं राहून रडत होते. तेव्हा पहिली मागणी काय होती, तर जसं होतं तसंच उभं करा. मला ती मागणी आतून कळते. बालगंधर्वच्या स्टेजवर कुठला दिवा कुठे टांगला की चेहऱ्यावर सावली पडत नाही हे माझ्या हाताला पाठ आहे, शेवटच्या रांगेतल्या आजोबांना कुजबुज ऐकू जाते की नाही हे नटांना पाठ आहे, हे सगळं कुठल्या नकाशात येणार?

म्हणून उद्या पुन्हा आराखडा समोर आला तर नुसतं रंगीत चित्र बघून चांगलंय म्हणू नका. विचारा, मोठं सभागृह हजाराचंच राहणार का? भाडं किती होणार, हौशी संस्थेला परवडेल का? देऊसकरांची चित्रं काम चालू असताना कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली ठेवणार? बागेकडच्या झाडांचं काय? तिथे थांबून चहा पिता पिता नाटकावर भांडायची जागा राहणार की तिथे दुकानं येणार? आणि सेटचा टेम्पो स्टेजच्या मागच्या दारापर्यंत थेट येणार का, कारण पावसात शंभर फुटांवरून फ्लॅट, म्हणजे सेटच्या रंगवलेल्या भिंती, उचलून आणावे लागले की रंग जातो, आणि मग रात्रीच्या प्रयोगाआधी आम्ही ते परत रंगवत बसतो.