आधी टेप, मग मोबाईल

नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या पोरांना नकाशा शिकवायचा म्हणजे बऱ्याच शाळांत काय होतं, तर छापील आराखडा वाटायचा, त्यात नद्या भरायच्या, डोंगर रंगवायचे, पाच मार्क. मोजून नकाशा काढायची वेळच येत नाही कुणावर. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की पोरांच्या हातात आधी टेप द्या, मोबाईल नंतर.

समजा शाळेचं ग्राउंड मोजायचंय. 30 मीटरचा टेप, खुंट्या, वही, दोघं टेप धरायला आणि एक जण लिहायला. पोरं चारी बाजू मोजतात आणि पळत येतात, सर झालं! मग म्हणायचं बसा, काढा आता, स्केल एकास दोनशे, म्हणजे कागदावरचा 1 सेंटीमीटर तो जमिनीवरचे 2 मीटर. इथं खरी गंमत होते बघा, बाजू सगळ्यांच्या त्याच पण प्रत्येक गटाचं ग्राउंड वेगळं, कुणाचं सरळ, कुणाचं कललेलं, आणि क्षेत्रफळ काढलं तर तेही जुळत नाही. कारण चार काड्या टोकाला बांधल्या तर चौकोन हलतो, त्रिकोण मात्र हलत नाही. मग परत पाठवायचं उन्हात, कर्ण मोजायला. एक कर्ण मिळाला की दोन त्रिकोण पडतात, कंपासने कंस मारले की कोपरे पक्के. दुसरा कर्ण कशाला? चेक करायला. कागदावरचा आणि जमिनीवरचा जुळला तर मोजणी बरोबर, नाहीतर पुन्हा ग्राउंडवर.

हे शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळतं, कारण घरी बांधावरनं भांडणं ऐकलेली असतात. त्याला तिथंच गुंठा पण दाखवायचा, 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट, असे 40 म्हणजे एकर. सातबाऱ्यावर आर असतात, 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि गुंठा 101 च्या जरा वर, लोक सर्रास दोन्ही एकच धरतात पण एकराला जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा फरक पडतो, आजच्या भावात हिशोब करा.

आता मोबाईल. त्याचं जीपीएस मोकळ्या आभाळाखालीसुद्धा साधारण पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतं, झाडाखाली जास्तच, आणि बांध असतो दोन-तीन फुटांचा! विहिरी, पाणंद रस्ते, हातपंप ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच भरलेल्या ऑनलाईन नकाशावर, टाकायला मोबाईल झकास, हद्द ठरवायला नाही. सर्वे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा खात्याच्या एकास पन्नास हजारच्या टोपोशीट, म्हणजे डोंगर-नद्या-गावं दाखवणारे तपशीलवार नकाशे, आता ऑनलाईन फुकट मिळतात, त्यात आपलं गाव शोधायला लावा, पोरं हलत नाहीत जागची.

टेक्निकल ड्रॉईंगचं पण तसंच. पुस्तकातला ठोकळा नको, वर्गातलं बाकडं घ्या. समोरून दिसतं ते वर काढायचं, वरून दिसतं ते त्याच्या खाली, ही फर्स्ट अँगल पद्धत आपल्याकडे चालते, अमेरिकेत थर्ड अँगल, तिथं वरचा व्ह्यू वरच. झाकलेली कड तुटक रेषेने. एचबी आणि 2एच पेन्सिल पुरते, मिनी ड्राफ्टर, म्हणजे बोर्डाला लावायचं रेषा-कोनांचं साधन, डिप्लोमाला गेल्यावर बघू.

आणि हो, तुमच्या गावात कुणी रिटायर्ड भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी माणूस, असेल ना, त्यांना एकदा शाळेत बोलवा. प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवरचा सपाट बोर्ड, लावून जागेवरच नकाशा काढत मोजणी केलेली माणसं आहेत ती, चहा पाजा आणि पोरांना प्रश्न विचारू द्या, दोन तास कसे जातात कळणार नाही.