चौसष्ट घरं आणि एक मनोरा

मंडळी, सुरुवात घरातल्या एका वादापासून करतो. माझी मुलगी इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्ड गावी राहते. मागे आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. संध्याकाळी टीव्ही लावला की पाच-दहा मिनिटं चित्र सुरेख, मग एकदम चौकोन चौकोन, आवाज तुटक, आणि पडदा काळा. जावईबापूंचं म्हणणं, सिग्नल कमी पडतोय, छपरावर आणखी जोरदार बूस्टर बसवू. मी आयुष्यभर तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेला माणूस. मी वरच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर बघितलं, तर समोर टेकडीवर मनोरा आणि त्याचे लाल दिवे. अंतर असेल 10-12 किलोमीटर. इतक्या जवळ बसून सिग्नल कमी कसा पडेल?

या वादाचा निकाल शेवटी सांगतो. आधी त्या मनोऱ्याबद्दल बोलू.

मला पहिलं नवल वाटलं ते छपरावरच्या अँटेनाचं. आपल्याकडे तो कधीच गेला. तुमच्यातल्या साठीपुढच्यांना आठवत असेल, 1973 मध्ये सिंहगडावरून मुंबई दूरदर्शनचं प्रक्षेपण पुण्यात दिसायला लागलं आणि गच्च्यांवर अॅल्युमिनियमच्या काड्या उभ्या राहिल्या. एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीपुढे. "आलं का?" "मुंग्या आहेत!" "आता?" "आलं, आलं... गेलं!" पुढे केबल आली, मग डिश आली. दूरदर्शनने 2016 मध्ये मुंबई, औरंगाबादसह काही शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, पण तोवर घरोघरच्या काड्या भंगारात गेल्या होत्या. इंग्लंडात तसं झालं नाही. तिथे आजही असंख्य घरांवर अँटेना आहे, त्याला महिन्याचं भाडं नाही, आणि त्यावर डझनावारी वाहिन्या येतात. त्या सेवेचं नाव फ्रीव्ह्यू. परवाना शुल्क भरावं लागतं, ते वेगळं.

हा मनोरा एमली मूरचा. बांधला तेव्हा उंची 330 मीटर. खालचे 275 मीटर काँक्रीटचं निमुळतं धुरांडं, त्याच्या डोक्यावर पोलादी सांगाडा. पण आधी इथे काँक्रीट नव्हतं. 1964 मध्ये इथे 385 मीटर उंचीची पोलादी नळी उभी केली होती, तारांनी चहूबाजूंनी ताणलेली. 19 मार्च 1969 ला संध्याकाळी पाचच्या सुमारास ती कोसळली. वादळ नव्हतं, हे लक्षात घ्या. वारा मंद होता, एकसारखा होता, आणि गोची तिथेच होती. तारांवर बर्फाचे थर चढलेले, आणि त्या संथ वाऱ्याने नळी झुलायला लागली. झोक्याला वेळेवर हलका धक्का देत राहिलं की झोका वाढतच जातो, तसं. तारा रस्त्यावर आडव्या पडल्या, एका प्रार्थनाघराचं नुकसान झालं. माणूस मात्र एकही दगावला नाही. लाखो घरांतला टीव्ही क्षणात बंद पडला, काही दिवसांत तात्पुरती काठी उभी करून काम चालवलं, आणि 1971 पर्यंत हा काँक्रीटचा मनोरा कामाला लागला. पुन्हा झुलायचा प्रश्नच नको, असा तो हिशेब.

इतकी उंची कशासाठी? या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. टेकडीची उंची धरली तर मनोऱ्याचं टोक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास येतं. तिथून क्षितिज साधारण 100 किलोमीटरवर. लीड्स, ब्रॅडफर्ड, वेकफील्ड सगळं त्याच्या नजरेत. मात्र डोंगराआडच्या खोऱ्यांत नजर पोचत नाही, म्हणून हॅलिफॅक्स, हेब्डन ब्रिज, कीथली अशा ठिकाणी छोटे पुनर्प्रक्षेपक आहेत. ते मोठ्याचं ऐकून दुसऱ्या वारंवारतेवर पुढे सांगतात. तिथल्या गल्लीतून चालताना गंमत दिसते: एमली मूरकडे बघणाऱ्या अँटेनाच्या काड्या आडव्या असतात, छोट्या प्रक्षेपकाकडे बघणाऱ्यांच्या बहुतेक उभ्या. दोघांचं बोलणं एकमेकांत मिसळू नये म्हणून ही सोय. काड्याही आपल्या जुन्या अँटेनासारख्या हातहात लांब नसतात, वीतभर असतात, कारण लहरच अर्ध्या मीटरच्या आसपासची.

आता खरा विषय. या मनोऱ्याकडे वाहिन्या कशा येतात आणि कशा बाहेर पडतात?

स्टुडिओतून निघणारं साधं चित्र सेकंदाला 270 मेगाबिट इतकं भरतं. बिट म्हणजे एक शून्य किंवा एक, आणि मेगाबिट म्हणजे असे दहा लाख. ते हवेत सोडायला जागाच नाही. म्हणून ते आवळतात. क्रिकेटचा सामना बघा: हिरवळ तीच, साइटस्क्रीन तीच, हलतात ते गोलंदाज, फलंदाज आणि चेंडू. मग पूर्ण चित्र अधूनमधूनच पाठवायचं, मधल्या काळात फक्त 'काय बदललं' तेवढं सांगायचं. असं करत 270 चे दोन-चार मेगाबिट होतात. वाहिनी बदलली की क्षणभर काळा पडदा दिसतो, त्याचं मोठं कारण हेच. तुमचा डबा पुढच्या पूर्ण चित्राची वाट बघत थांबलेला असतो.

मग अनेक वाहिन्यांचा हा आवळलेला माल एकत्र करतात. त्या एकत्र प्रवाहाला मल्टिप्लेक्स म्हणतात. आपल्या पॉपकॉर्नवाल्या मल्टिप्लेक्सशी त्याचा संबंध इतकाच की एका छताखाली बरेच पडदे. माल 188 बाइटच्या पुड्यांत बांधतात, प्रत्येक पुडीवर क्रमांक. तुमचा टीव्ही हव्या त्या क्रमांकाच्या पुड्या उचलतो, बाकीच्या सोडून देतो. इथे मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण द्यायचा मोह होतो, पण त्या बिचाऱ्यांना आपण व्याख्यानांत फार राबवलंय. मला एसटीचं बाकडं बरं वाटतं. तिघांच्या बाकड्यावर एक सडपातळ बसला की शेजारचा ऐसपैस बसतो. तसं एका वाहिनीवर बातम्या वाचणारा माणूस नुसता बसलेला असला की त्याची जागा शेजारच्या फुटबॉलला मिळते. क्षणोक्षणी वाटप बदलतं.

प्रादेशिक म्हणजे काय, तेही इथेच कळतं. बीबीसी वन देशभर एकच, पण संध्याकाळी साडेसहाला एमली मूरवरून लीड्सच्या स्टुडिओतल्या बातम्या जातात आणि त्याच वेळी दुसऱ्या मनोऱ्यावरून दुसऱ्या गावच्या. प्रवाहात एका वाहिनीच्या पुड्या बदलल्या की प्रांत बदलला.

आता हा प्रवाह हवेत सोडायचा. माझ्या मते सगळ्या गोष्टीतली सर्वांत देखणी कल्पना इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

जुन्या टीव्हीवर माणसाशेजारी त्याची फिकट सावली दिसायची, आठवतं? तो प्रतिध्वनी. लहर थेट आली, आणि डोंगरावर किंवा टाकीवर आपटून पुन्हा आली. पडद्यावरची एक ओळ डावीकडून उजवीकडे काढायला 52 मायक्रोसेकंद लागत (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). दीड किलोमीटरचा वळसा घेतलेली लहर 5 मायक्रोसेकंद उशिरा येणार, म्हणजे सावली पडद्याच्या दहाव्या हिश्शाइतकी उजवीकडे. हेच डिजिटलमध्ये झालं तर? बिट इतक्या वेगाने येतात की उशिरा आलेला आधीचा बिट आत्ताच्या बिटावर पडणार आणि सगळा गोंधळ.

दगडी सभामंडपात भरभर बोललं की काही कळत नाही, घुमतं. पण तिथेच तंबोरा लावा. तो सुंदर वाजतो. का? कारण स्वर टिकून आहे. टिकलेल्या स्वराचा प्रतिध्वनी म्हणजे तोच स्वर, कमीजास्त जोराचा. तो स्वर बिघडवत नाही.

तर अभियंत्यांनी हे केलं: एक भरभर बोलणारा निवेदक काढून टाकला आणि एका वाहिनीच्या जुन्या जागेत, म्हणजे 8 मेगाहर्ट्झमध्ये, 6817 तंबोरे, म्हणजे किंचित वेगळ्या वारंवारतेच्या तितक्या लहरी, बसवले. प्रत्येक जण आपला स्वर 896 मायक्रोसेकंद धरतो. त्याच्या आधी 28 मायक्रोसेकंद जादा वाजवतो, आणि तेवढा वेळ टीव्ही कान बंद ठेवतो. आधीच्या स्वराचे प्रतिध्वनी त्यात विरून जातात. 28 मायक्रोसेकंदात लहर 8.4 किलोमीटर जाते. म्हणजे इतका वळसा घालून आलेला प्रतिध्वनीही निरुपद्रवी. कधीकधी तर तो मदतच करतो.

प्रत्येक तंबोरा सांगतो काय? स्वराचा जोर आणि तो कोणत्या टप्प्यावर सुरू झाला, या दोन्ही गोष्टी मिळून 64 प्रकार होतात. बुद्धिबळाचा पट डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक तंबोऱ्याकडे एक पट, आणि प्रत्येक चालीला एक सोंगटी 64 पैकी एका घरात. एका चालीत 6 बिट. सेकंदाला हजाराहून थोड्या जास्त चाली. 6817 पैकी 6048 पट माहिती नेतात. उरलेल्यांपैकी बरेचसे नुसते ओळखीचे: त्यांच्यावर कोणती सोंगटी कुठे असायला हवी हे टीव्हीला आधीच ठाऊक असतं, आणि ती प्रत्यक्षात कुठे सरकलेली आली यावरून वाटेत डोंगरांनी काय केलं ते तो मोजतो.

गुणाकार करा, सेकंदाला सुमारे 39 मेगाबिट येतात. पण वाहिन्यांच्या वाट्याला त्यातले 24 च. बाकीचे चूकदुरुस्तीसाठी राखून ठेवलेले. माझ्या विद्यार्थ्यांना हा अपव्यय वाटायचा. मी त्यांना फळ्यावर 'म_राष्ट्र' लिहून दाखवायचो. एक अक्षर गेलं तरी तुम्ही वाचता, कारण भाषेत थोडं जादा असतं. इथे ते जादा हिशेबाने घातलेलं असतं, आणि शेजारची अक्षरं मुद्दाम लांब लांब विखुरलेली असतात, म्हणजे एकाच ठिकाणी पाणी सांडलं तरी प्रत्येक शब्दाचं एखादंच अक्षर पुसलं जातं.

स्पष्ट, एचडी चित्रांसाठी पुढची पद्धत आहे, तिच्यात 64 ऐवजी 256 घरांचा पट. घरं बारीक, हात जरा थरथरला की सोंगटी शेजारी. तरीही ते जमतं आणि त्याच जागेतून 40 मेगाबिट निघतात, कारण दुरुस्तीचं गणित सुधारलं. ते गणित अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या रॉबर्ट गॅलगर यांनी 1960 च्या सुमारास मांडलं होतं. तेव्हाच्या यंत्रांना ते झेपण्यासारखं नव्हतं, तीसेक वर्षं ते कपाटात पडून राहिलं.

हिशेबाची आणखी एक बाजू. जुन्या अॅनालॉग काळात एमली मूरवरून एकेका वाहिनीची प्रभावी शक्ती 870 किलोवॉट होती. डिजिटल मल्टिप्लेक्सला 174 पुरते. पाचवा हिस्सा शक्ती, आणि एका वाहिनीच्या जागेत डझनभर वाहिन्या. 'प्रभावी' म्हणतो, कारण यंत्र प्रत्यक्षात याहून बरीच कमी शक्ती देतं. अँटेना ती वर आकाशात वाया न घालवता आडवी पसरतो. तोंडाशी हाताचा कर्णा करून हाक मारतो तसं.

याची किंमतही आहे. अॅनालॉग हा घाट होता: सिग्नल कमी होत गेला की मुंग्या वाढत जायच्या, पण सामना कोण जिंकतंय ते कळायचं. डिजिटल हा सह्याद्रीचा कडा आहे. दुरुस्तीचं गणित पुरतं तोवर चित्र निर्दोष, आणि पुरेनासं झालं की दोन पावलांत दरी. कडा जवळ आलाय हे नुसतं बघून कळत नाही, हा मला त्यातला खरा दोष वाटतो. मनोराच गेला तर विचारूच नका. ऑगस्ट 2021 मध्ये यॉर्कशायरच्याच उत्तरेला बिल्सडेलच्या 314 मीटर उंच काठीला आग लागली, लाखो घरं अंधारात गेली. ती काठी पुढे स्फोटकांनी पाडावी लागली आणि 80 मीटरच्या तात्पुरत्या काठीवर काम भागवावं लागलं.

असो. आता जावईबापूंचा बूस्टर. 2011 पर्यंत एमली मूरवरून अॅनालॉग आणि डिजिटल दोन्ही चालायचं. अॅनालॉगला त्रास नको म्हणून डिजिटल अगदी हळू आवाजात सोडलेलं, म्हणून तेव्हा पुष्कळ लोकांनी बूस्टर लावले. सप्टेंबर 2011 मध्ये अॅनालॉग बंद झालं आणि डिजिटलचा आवाज कितीतरी पटींनी चढला. छपरावरचे बूस्टर मात्र तसेच राहिले. मुलीच्या घराच्या माळ्यावर, आधीच्या मालकाने लावलेला असाच एक सापडला. 10-12 किलोमीटरवरच्या मनोऱ्याचा आवाज तो आणखी मोठा करून टीव्हीच्या कानात ओतत होता, आणि कानठळ्या बसल्या की टीव्हीला पटावरची घरंच दिसेनाशी व्हायची. सिग्नल कमी असल्याची आणि जास्त असल्याची लक्षणं पडद्यावर अगदी सारखी: चौकोन, तुटका आवाज, अंधार.

मी जावईबापूंना म्हटलं, नवा आणायचा तो आणा, पण आधी जुना काढून बघू. त्यांनी माळ्यावर चढून तो काढला, वायर सरळ जोडली आणि वरूनच ओरडले, "आलं का?"

मी खालून म्हटलं, "आलं!"