गाव उठलं : ऑगस्ट २०१०

[दृश्य : 'डिग' या साइटचं जुनं पहिलं पान. कॅमेरा हळूहळू एका बातमीजवळ जातो.]

बातमीच्या डावीकडची ही पिवळी चौकट नीट बघा. आत एक आकडा, खाली 'डिग इट' असं बटण. वाचकानं बटण दाबलं की आकडा एकानं वाढायचा. डिग म्हणजे खणणं, उकरून काढणं. कुणीतरी इंटरनेटच्या कुठल्याशा कोपऱ्यातून लेख आणून टाकायचा, इतर जण तो वाचून मत द्यायचे, आणि मतं पुरेशी जमली की लेख पहिल्या पानावर झळकायचा. मग एखाद्या लहानशा साइटवर इतकी झुंबड उडायची की तिचा सर्व्हरच कोसळायचा. या कोसळण्याला 'डिग इफेक्ट' असं नावही पडलं होतं.

आणखी एक बटण होतं, बातमी गाडून टाकायचं. ते दाबलं की साइट कारण विचारायची. ही बातमी आधी येऊन गेली आहे का? जाहिरातबाजी आहे? माहिती चुकीची आहे? की नुसतीच फुसकी आहे? वाचक कारण निवडायचा आणि पुढच्या बातमीकडे वळायचा. वर्तमानपत्राच्या कचेरीत उपसंपादक पगार घेऊन जे काम करतो, ते इथं हजारो लोक रोज, फुकट, आवडीनं करत होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

[दृश्य : सॅन फ्रान्सिस्को. रस्ते, जुनी छायाचित्रं.]

केविन रोझ आणि त्याच्या साथीदारांनी २००४ च्या डिसेंबरमध्ये डिग सुरू केली. हा कट्टा खरा कुणाचा, याचा निकाल अडीच वर्षांत लागला. १ मे २००७. एचडी डीव्हीडी, म्हणजे सिनेमाच्या तबकडीचं डिजिटल कुलूप उघडणारी किल्ली, म्हणजे बत्तीस अंक-अक्षरांची एक ओळ, कुणीतरी डिगवर टाकली. कायदेशीर नोटीस आली. डिग कंपनीनं ती ओळ काढून टाकली, काहींची खाती बंद केली. लोक चिडले. एक काढली की दहा नव्या, असं करत त्यांनी पहिलं पान त्या ओळीनं भरून टाकलं. रात्री रोझनं माघार घेतली, आणि स्वतःच्या निवेदनाच्या शीर्षकातच ती किल्ली छापली. बड्या कंपनीपुढे वाकण्यापेक्षा डिग लढत बुडाली तरी चालेल, हे तुमचं म्हणणं आम्हाला कळलं, असं त्यानं लिहिलं.

तीन वर्षांनी मात्र तेच ऐकून घेणं कंपनीला जमलं नाही.

[दृश्य : चौथ्या आवृत्तीचं पान. निळे-पांढरे रकाने.]

तोवर फेसबुक आणि ट्विटर भराभर वाढत होते आणि गुंतवणूकदारांचा पैसा परतावा मागत होता. कंपनीनं सगळी साइट नव्यानं बांधायला घेतली. रेडिट ही अशीच वाचकांच्या मतांवर चालणारी प्रतिस्पर्धी साइट; तिचा एक संस्थापक अलेक्सिस ओहानियन यानं मे २०१० मध्येच रोझला जाहीर पत्र लिहिलं होतं. या नव्या आवृत्तीला गुंतवणूकदारांच्या ढवळाढवळीचा वास येतो आणि लोकांच्या हाती सत्ता देणं हा डिगचा मूळ गाभाच सुटतो आहे, असा त्याचा रोख होता.

२५ ऑगस्टला पडदा उघडला. गाडायचं बटण गायब. नव्यानं आलेल्या बातम्या चाळायचं 'अपकमिंग' पान गायब. जपून ठेवलेल्या आवडीच्या बातम्या गायब. उघडल्यावर समोर यायचं ते 'माय न्यूज', म्हणजे तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांच्या बातम्यांची रांग. आणि मोठ्या प्रकाशनांना आपलं फीड थेट जोडता येऊ लागलं. त्यांचे लेख आपोआप येऊन पडायचे, कुणी माणसानं शोधून आणायची गरजच उरली नाही. पान दिसायला स्वच्छ होतं, हे मान्य. पण ज्यांनी पाच-सहा वर्षं हातात फावडं धरलं होतं, त्यांच्या हातातून ते काढून घेऊन त्यांना प्रेक्षकांत बसवलं होतं. राग रंगाचा किंवा मांडणीचा होता असं म्हणणाऱ्यांना तो कळलाच नाही, असं मला ठामपणे वाटतं.

त्यात साइट सारखी बंद पडत होती. माहिती साठवायची नवी व्यवस्था, कॅसँड्रा, नुकतीच बसवलेली. कोडमध्ये एका ठिकाणी दर वेळी कोरी असायला हवी अशी यादी आधीचं सगळं पोटात घेऊन फुगत जात होती. आणि जुन्या साइटकडे परतायची सोयच नव्हती. दोन्ही आवृत्त्या एका वेळी चालवायला यंत्रं पुरत नव्हती, म्हणून जुनी यंत्रं पुसून नव्यासाठी लावली होती. परतीचा दोर आधीच कापलेला.

[दृश्य : पहिल्या पानाची यादी, एकाखाली एक तोच पत्ता.]

३० ऑगस्ट हा डिग सोडण्याचा दिवस, असं लोकांनी आपसांत ठरवलं. पण जाण्याआधी त्यांनी उरलेल्या एका बटणाचा पुरेपूर वापर केला. रेडिटच्या दुव्यांना मतं देत राहिले. डिगचं पहिलं पान वरपासून खालपर्यंत प्रतिस्पर्ध्याच्या दुव्यांनी भरून गेलं. आणि रेडिटनं काय करावं? आपल्या बोधचिन्हात काही काळ डिगचं फावडं घातलं. येणाऱ्यांसाठी ते दारातलं तोरणच होतं.

ऑक्टोबरमध्ये नवे सीईओ मॅट विल्यम्स यांनी जाहीर माफी मागितली. गाडायचं बटण आणि इतर काही गोष्टी परत आल्या. पण थेंबानं गेलेली हौदानं येत नाही. त्याच महिन्यात ६७ पैकी २५ कर्मचाऱ्यांना घरी जावं लागलं. मार्च २०११ मध्ये रोझही बाहेर पडला. २०१२ च्या जुलैमध्ये बीटावर्क्स या कंपनीनं डिगचं नाव, साइट आणि तंत्रज्ञान सुमारे पाच लाख डॉलरना घेतलं. चारच वर्षांपूर्वी गूगल ही साइट सुमारे वीस कोटी डॉलरना घेणार अशा बातम्या होत्या.

[दृश्य : दोन खिडक्या शेजारी शेजारी, रेडिटचं जुनं आणि नवं पान.]

२०१८ मध्ये रेडिटनंही आपलं रूप बदललं. ओरड तेव्हाही झाली, आणि मोठी झाली. पण रेडिटनं जुनं पान वेगळ्या पत्त्यावर जसंच्या तसं चालू ठेवलं. ज्याला नवं नको, त्यानं तिथं जावं. नाराज माणसं नाराज राहिली, पण राहिली.

[दृश्य : पुन्हा ती पिवळी चौकट. आकडा थांबलेला.]

मार्च २०२५ मध्ये केविन रोझनं डिग परत विकत घेतली. सोबत भागीदार होता अलेक्सिस ओहानियन, पंधरा वर्षांपूर्वी ते पत्र लिहिणारा.