गिरणगावची रात्र कोणाची?

मंडळी, मुंबईच्या गिरणगावाला, म्हणजे परळ-लालबागच्या गिरणी-वस्तीला, रात्र जागवायला कुणी शिकवलं नाही. गिरण्या तीन पाळ्यांत चालत. खानावळींत पंगती उठत, भजनी मंडळं रात्र रात्र बसत. त्यामुळे रात्रीच्या पब-रेस्टॉरंटांबद्दल तक्रार केली की परळ-लालबागच्या लोकांना गजबजाटाचंच वावडं आहे असं जे म्हटलं जातं, ते मला मुळीच मान्य नाही. गिरण्यांच्या काळात रात्रीचा पैसा बराचसा तिथल्याच चाळींत फिरायचा, आणि आवाज फार झाला तर कुणाला जाऊन सांगायचं हे माहीत असायचं.

१९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१च्या विकास नियमावलीनं त्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन मालकांच्याच हातात राहिली. मग लोअर परळच्या त्या आवारांत आधी कचेऱ्या आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ पब, रेस्टॉरंट, एकाला एक लागून.

माझी खरी तक्रार इथे सुरू होते. परवाना एकेका हॉटेलाला मिळतो. उत्पादन शुल्क खातं, अग्निशमन दल, महापालिका, प्रत्येक जण समोरच्या अर्जापुरतं पाहतो. वीस अर्ज वीस वेळा नियमात बसतात. पण वीस हॉटेलं मिळून त्या गल्लीचं काय करतात, हा प्रश्न कुठल्याच फायलीत नसतो. रहिवासी भागात रात्री १० नंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आतलं संगीत मोजता येईल हो! पण दीड वाजता सगळी दारं एकदम बंद होतात, तेव्हा रस्त्यावरचे हॉर्न, टॅक्सीसाठीची हुज्जत, भांडणं यांचा परवाना कुणाच्या नावावर आहे? ज्या वेटरनं ती टेबलं पुसली, त्याचीही शेवटची लोकल तोवर गेलेली असते.

२९ डिसेंबर २०१७ला लोअर परळच्याच कमला मिलच्या आवारात आगीत १४ माणसं गेली. अग्निशमन दलाच्या चौकशीनुसार आग गच्चीवरच्या एका रेस्टॉरंटमध्ये लागली आणि शेजारच्यात शिरली. शेजार हाच तिथे धोका होता.

२०२०मध्ये राज्य सरकारनं मॉल आणि खाण्याची ठिकाणं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी दिली, ती वस्ती नसलेल्या भागांत आणि बंदिस्त आवारांत. नकाशावर हे ठीक दिसतं. पण गिरणीच्या भिंतीपलीकडे चाळ असते, कारण चाळ गिरणीसाठीच बांधलेली होती.

इंग्लंडमध्ये एखाद्या भागात दारूचे परवाने फार दाटले, तर त्यांच्या एकत्रित परिणामाचा विचार करून स्थानिक प्रशासन नवा परवाना नाकारू शकतं. २०१८पासून त्याला थेट कायद्याचा आधार आहे. मला महापालिकेच्या आपल्या जी-दक्षिण विभागात, ज्यात लोअर परळ येतं, हेच हवं आहे. पुढचा अर्ज आला की आधी त्या गल्लीतले परवाने एकत्र मोजा, दीड वाजता तिथे उभे राहून आवाज मोजा, बंब आत शिरतो का ते पाहा, आणि भिंतीपलीकडच्या चाळीला सुनावणीला बोलवा.