काल्पनिक प्राण्याची खरीखुरी माहिती मुलांकडून कशी लिहून घ्यायची?

(हातातलं चित्र कॅमेऱ्यासमोर धरून)

हे चित्र बघा. सहा डोळे, बेडकासारखे पाय आणि पाठीवर हिरवंगार शेवाळ. माझ्याकडे शिकणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलीनं हा प्राणी काढलाय. नाव ठेवलंय 'चिखल्या'. चित्र काढल्या काढल्या, आमचं काम सुरू होण्याआधी, तिनं चित्राखाली जे लिहिलं होतं, ते जसंच्या तसं वाचते.

"चिखल्या खूप भयंकर आहे. त्याला सहा डोळे आहेत. तो माणसं खातो. एके दिवशी तो पाण्यातून बाहेर आला आणि सगळे घाबरून पळाले."

चार दिवसांनी त्याच मुलीनं त्याच प्राण्याबद्दल एक परिच्छेद लिहिला. तोही वाचून दाखवणार आहे, पण शेवटी. मधल्या चार दिवसांत आम्ही काय काय केलं, ते आज सांगते.

नमस्कार. मुळात काल्पनिक प्राणीच का घ्यायचा? वाघ का नाही? वाघावर माहिती लिहायला सांगितली, की मूल पुस्तक उघडतं नाहीतर मोबाइल, आणि तिथली वाक्यं वहीत उतरवून काढतं. त्यात त्याची चूक नाही. वाघाबद्दलची चांगली वाक्यं आधीच कुणीतरी लिहून ठेवलेली आहेत. चिखल्याची माहिती मात्र जगात एकाच व्यक्तीला आहे, आणि ती आठ वर्षांची आहे. उतरवून घ्यायला कुठे काही सापडतच नाही. काय सांगायचं, आधी काय, नंतर काय, कुठल्या शब्दांत, हे सगळं तिचं तिला ठरवावं लागतं. मला हा प्रकार इतका आवडतो तो यासाठीच.

पण इथेच एक घोळ होतो. "प्राणी खोटाच आहे ना, मग काहीही लिहिलं तरी चालेल," असं मुलांना वाटतं. बऱ्याचदा मोठ्यांनाही वाटतं. मग दहा डोकी येतात, आग ओकणं येतं, अदृश्य होणं येतं. माझं म्हणणं असं, की कल्पना करायची ती सुरुवातीलाच, मनसोक्त करायची, आणि एकदा केली की तिचं ऐकायचं. प्राणी दलदलीत राहतो असं ठरलं ना? मग पुढचं बरंचसं ती दलदलच ठरवणार.

मुलांना मी आधी प्लॅटिपसची गोष्ट सांगते. 1799 साली ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज शॉ यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका प्राण्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. अंगावर दाट केस, आणि तोंडाच्या जागी बदकाची चोच! कुणीतरी दोन प्राणी जोडून फसवत तर नाही ना, अशी शंका खुद्द शॉ यांनाच आली होती. तरी त्यांनी काय केलं? जे समोर दिसत होतं ते नीट निरखलं आणि शांतपणे लिहून काढलं. हा प्राणी अंडी घालतो याची शास्त्रज्ञांना खात्री पटायला तर 1884 साल उजाडलं. हे ऐकलं की मुलांचे डोळे चमकतात. अजब प्राण्याबद्दल लिहिताना आपण आरडाओरडा करायचा नसतो, हे त्यांना उपदेश न करता कळतं.

आता पहिला दिवस. त्या दिवशी लिहायचं नाही, फक्त बोलायचं. मी तिला विचारलं, "चिखल्या राहतो कुठे?" म्हणाली, "दलदलीत." "आणि सहा डोळे कशाला?" ती गप्प. मी थांबले. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे बरं का. आपल्याला उत्तर सुचलेलं असतं, जीभ शिवशिवत असते, पण बोलायचं नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तीन डोळे पाण्याच्या वर बघायला आणि तीन पाण्याखाली बघायला."

मला इतका आनंद झाला! कारण अगदी याच कामासाठी घडलेले डोळे निसर्गात खरोखर आहेत. अ‍ॅनाब्लेप्स नावाचा एक मासा आहे. त्याला 'चार डोळ्यांचा मासा' म्हणतात. खरं तर डोळे दोनच, पण प्रत्येक डोळ्याची बाहुली आडवी विभागलेली असते. मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी तरंगतो आणि एकाच वेळी वरचंही बघतो, खालचंही. हे मी तिला सांगितलं, पण तिचं उत्तर येऊन गेल्यावर. आधी सांगितलं असतं, तर ते उत्तर माझं झालं असतं.

मग खाण्याचा विषय निघाला. "तो माणसं खातो," हे वाक्य मी खोडलं नाही. विचारलं, "त्या दलदलीत दिवसाला किती माणसं येतात?" तिनं विचार केला. "कुणीच नाही येत." "मग?" "मग तो उपाशी मरेल." ती स्वतःच हसली, आणि चिखल्या गोगलगायी आणि पाण्यातल्या अळ्या खायला लागला. पुढचा प्रश्नही तिचाच होता: "पण मग तो एवढा मोठा कसा?" तेव्हा मी हत्तीचं सांगितलं. हत्तीला दिवसाला साधारण दीडशे किलो चारा लागतो, दिवसाचा बराचसा वेळ त्याचा खाण्यातच जातो. मोठं अंग पोसायचं तर खाणंही तितकं हवं. चिखल्या घराएवढा होता, तो त्या दुपारी मांजराएवढा झाला. तिनं आपणहून केला.

या बोलण्यात तिच्या तोंडी दोन शब्द सारखे यायला लागले, 'कारण' आणि 'म्हणून'. माहितीपर लेखनाचा सगळा जीव या दोन शब्दांत आहे असं मला वाटतं. 'पाठीवर शेवाळ असतं' ही झाली सुटी माहिती. 'पाठीवर शेवाळ असतं, म्हणून तो वरून दिसत नाही' म्हटलं, की तो प्राणी जगायला लागतो.

आता भाषेकडे येते. आपल्या मराठीत एक सुंदर सोय आहे. 'आमचं मांजर काळं आहे' आणि 'मांजराची नखं अणकुचीदार असतात.' पहिल्या वाक्यात एक ठरावीक मांजर, दुसऱ्यात सगळी मांजरं. 'आहे' आणि 'असतो' यांतला हा फरक मुलं बोलताना कधीच चुकत नाहीत, लिहिताना मात्र सगळीकडे 'आहे' लावून मोकळी होतात. पुस्तकांतही माहिती सांगताना 'आहे' सापडेल, ते काही चूक नाही. पण काल्पनिक प्राण्याच्या बाबतीत 'असतो, खातो, घालते, राहतात' ही रूपं वापरली, की चित्रातला एकटा चिखल्या मागे पडतो आणि चिखल्यांची अख्खी जात उभी राहते. 'एके दिवशी तो बाहेर आला' ही गोष्ट झाली. 'तो रात्री पाण्याबाहेर येतो' ही माहिती. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून मोठ्यानं वाचायला लावा. कानाला लगेच कळतं.

आणि लिंग! तो, ती की ते? मराठीत प्राण्याला नाव दिलं की हे ठरवावंच लागतं, कारण पुढची क्रियापदं त्याच्याच मागून जातात. तो गरुड, ती घार, ते घुबड. इथे नर-मादीचा प्रश्न नसतो, जातीच्या नावाचंच ते लिंग असतं. एका मुलानं 'लपाटू' नावाचा प्राणी काढला आणि तीन वाक्यांत तो तो, ती आणि ते असं सगळं होऊन गेला. मी काही दुरुस्त केलं नाही, त्यालाच वाचायला दिलं. दुसऱ्या वाक्यावर तो अडला आणि म्हणाला, "अरे, ही कोण आली मध्येच?"

'भयंकर', 'खूप', 'मस्त' या शब्दांवर लाल रेघ मारू नका. विचारा, "तुला तो भयंकर कशामुळे वाटतो?" तिचं उत्तर होतं, "त्याचे डोळे अंधारात चमकतात." बघा, माहिती त्या शब्दाच्या आत दडून बसली होती! मांजराचे डोळे का चमकतात ते आम्ही मग शोधलं. दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, म्हणून. 'भयंकर' आपोआप गळलं.

परिच्छेद पाडायचं काम सोपं आहे. एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहायचं, चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या आणि सारख्या सारख्या एकत्र ठेवायच्या. प्रत्येक ढिगाला नाव दिलं की उपशीर्षकं तयार. अगदी लहान मुलं असतील तर हेही नको, तीन चांगली वाक्यं पुरेत. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी बघा. आधी बघितलंत, तर मूल जे शब्द लिहिता येतात तेवढेच वापरतं आणि 'शेवाळ' राहूनच जातं.

(चित्र उलटून मागची बाजू दाखवत)

आता चौथ्या दिवशीचा हा परिच्छेद. चित्राच्या मागे लिहिलाय.

"चिखल्या दलदलीत राहतो. तो मांजराएवढा असतो. त्याला सहा डोळे असतात. वरचे तीन पाण्याबाहेर बघतात आणि खालचे तीन पाण्यात बघतात. तो गोगलगायी आणि अळ्या खातो. त्याच्या पाठीवर शेवाळ उगवतं, म्हणून पक्ष्यांना तो दिसत नाही. दलदल आटली की तो चिखलात खोल जाऊन झोपतो. तेव्हा तो सहाही डोळे मिटतो, कारण चिखलात बघण्यासारखं काही नसतं."