साठ वर्षांच्या झाडातली अंडी

मंडळी, येताना रस्त्यात पडलेलं हे फळ मी उचलून आणलंय. मागच्या रांगेपर्यंत हातोहात जाऊ द्या. जंगली बदाम. मुंबई-पुण्यात रस्त्याच्या कडेला हे झाड भरपूर आहे. फुलं आली की त्याच्याखालून माणसं नाक दाबून जातात, एवढा त्यांना उग्र वास असतो. फळ बघा, साल लाकडासारखी कडक, होडीसारखी उकललेली, आणि आत कडेकडेने चिकटलेल्या काळ्या बिया. याच कुळातलं एक झाड ब्राझीलमध्ये वाढतं. तिथले लोक त्याला मांदुवी म्हणतात. आजचा विषय मकावचा आहे, पण या पक्ष्याचं घरटं समजून घ्यायचं तर सुरुवात या झाडापासूनच करावी लागते.

मकाव म्हणजे अमेरिका खंडातले लांब शेपटीचे मोठे पोपट. आपल्याकडे पिंजऱ्यात दिसतो तो बहुतेक वेळा निळा-पिवळा मकाव. मी बोलणार आहे हायसिंथ मकावबद्दल. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ एक मीटर, अंगभर गर्द निळा, फक्त डोळ्यांभोवती आणि चोचीच्या मुळाशी पिवळा. उडणाऱ्या पोपटांमध्ये याच्याइतका लांब दुसरा नाही. ब्राझीलच्या पँटानल या प्रचंड पाणथळ प्रदेशात त्यांची सर्वांत मोठी वस्ती आहे. एवढ्या पक्ष्याचं अंडं केवढं असेल? कोंबडीच्या अंड्याएवढं, किंबहुना थोडं लहानच. पांढरंशुभ्र. एका वेळी बहुधा दोन.

पँटानलमध्ये दहातली नऊ घरटी मांदुवीच्या ढोलीत असतात. ताडाच्या ज्या बिया आपल्याला हातोडीने फोडाव्या लागतील त्या हा पक्षी चोचीने फोडतो. तरीसुद्धा नवी ढोली त्याला पाडता येत नाही. फांदी मोडावी, तिथे कुजायला सुरुवात व्हावी, सुतार पक्ष्याने किंवा वाळवीने आत वाट करावी, मग हा येऊन ती मोठी करतो. मांदुवीचं लाकूड मऊ, म्हणून ते जमतं. कोरताना पडलेला भुसा आणि कपचे तळाशी पसरतात आणि त्यावरच अंडी घातली जातात. काड्या नाहीत, गवत नाही. पण एवढा पक्षी आत मावेल असा घेर यायला मांदुवीला निदान साठ वर्षं लागतात. गायरानासाठी जंगल तोडलं, रोपं गुरांनी खाल्ली, तर साठ वर्षांनी ढोली कुठून येणार? जोड्या आहेत, अंडी घालायची तयारी आहे, आणि जागा नाही, अशी वेळ येते.

मादी सुमारे महिनाभर अंडी उबवते. नर तिला भरवतो. आपल्या सह्याद्रीतल्या धनेशाची आठवण येईल, पण धनेशाची मादी स्वतःला आत लिंपून घेते, मकावची मादी तसं करत नाही. अधूनमधून ती बाहेर येते, आणि नेमकं तेव्हाच अंड्यांवर संकट येतं. पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम तीस ग्रॅमचं, आंधळं, बिनपिसांचं. दोन अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, मध्ये काही दिवस जातात. तेवढ्यात पहिलं पिल्लू इतकं वाढलेलं असतं की दुसरं मागे पडतं. अनेकदा ते उपाशी मरतं. मला या विषयातलं सर्वांत अवघड वाटतं ते हेच. आईबाप क्रूर नसतात, त्यांचा हिशेब एका पिल्लाचा असतो. ते एक पिल्लू साडेतीन महिने ढोलीत राहतं, आणि बाहेर पडल्यावरही वर्षभर किंवा त्याहून जास्त आईबापांच्या मागे असतं. म्हणून बऱ्याच जोड्या दरवर्षी अंडी घालत नाहीत.

या मागे पडलेल्या पिल्लाला वाचवता येतं का? पेरूमधल्या तांबोपाता जंगलात लाल मकाववर हा प्रयोग झाला. २०१७ ते २०१९ या हंगामांत उपाशी राहणारी २८ पिल्लं उचलून दुसऱ्या जोड्यांच्या घरट्यांत ठेवली. सगळ्यांना नव्या आईबापांनी स्वीकारलं आणि बहुतेक सगळी जगली. परकं पिल्लू इतक्या सहज आपलंसं होईल असं मला वाटलं नव्हतं.

पँटानलमध्ये नेइव्हा गेडेस या जीवशास्त्रज्ञ बाईंनी १९९० मध्ये काम सुरू केलं. तेव्हा तिथे अंदाजे दीड हजार हायसिंथ उरले होते, कारण आधीच्या दशकात पिंजऱ्यांसाठी हजारो पकडले गेले होते. त्यांच्या गटाने दोर लावून झाडांवर चढून एकेक ढोली तपासली. तोंड फार मोठं असेल तर ते लाकडाने लहान केलं, ढोल्या कमी पडल्या तिथे लाकडी पेट्या टांगल्या. मकावनी त्या वापरल्या. पुढे पँटानलमधली संख्या काही हजारांवर गेली. २०२० च्या वणव्यांनी पँटानलचा चौथाई भाग, कदाचित त्याहूनही जास्त, जळाला, तेव्हा त्यात जुने मांदुवीही गेले. पेटी आठवडाभरात बनते, झाड नाही.

मघाशी समोरून एक प्रश्न आला, की अंडी खाणाऱ्यांना हाकलून का लावत नाहीत? त्यातला मोठा चोर टुकॅन. केळ्यासारख्या नारिंगी चोचीचा. मकावच्या खाल्ल्या जाणाऱ्या अंड्यांपैकी निम्म्याहून जास्त तोच खातो. पण संशोधकांनी मांदुवीच्या बिया कोण पसरवतं ते मोजलं, तेव्हा ८३ टक्के बिया एकट्या टुकॅनने नेलेल्या निघाल्या. बी गिळतो, दूर उडून जातो आणि तिथे टाकतो. त्याला हाकलला तर यंदाची अंडी वाचतील. पण आज त्याच्या चोचीतून पडलेल्या बीचं झाड ढोलीसाठी तयार होईल ते २०८५ च्या पुढे, आणि त्या वर्षी अंडी घालायला येणाऱ्या मादीला तीच ढोली लागणार आहे.