वॉर्डात वाघ नको

(दृश्य: सरकारी इमारतीचा जिना, वळणावरचा कोपरा)

नागपुरातल्या पुष्कळशा सरकारी इमारतींच्या जिन्यात, वळणावर, गुडघ्याच्या उंचीवर देवांच्या फरशा बसवलेल्या असतात. गणपती, साईबाबा, शेजारी मक्का-मदिना, येशू. एवढा सर्वधर्मसमभाव कशासाठी? तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पिचकारीपासून भिंत वाचावी म्हणून. दवाखान्यात त्यांच्या जोडीला टीबीची लक्षणं, हात धुण्याच्या पायऱ्या आणि ‘शांतता राखा’. म्हणजे भिंती काही रिकाम्या नाहीत. पण त्यांच्यावरचं सगळं एक तर दटावतं, नाही तर शिकवतं. नुसतं बघत राहावं असं चित्र काही सापडत नाही. दवाखान्यात तशी चित्रं लावायची, तर कोणती आणि कशी?

(दृश्य: सकाळची ओपीडी, केस पेपरची रांग)

1947 साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. ऑटोवाल्याला ‘मेडिकल’ एवढंच सांगितलं की पुरतं. इथे आणि मेयोत, म्हणजे शहरातल्या दुसऱ्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरची माणसं येतात. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, बालाघाट, शिवनीचीही. पेशंट एक, सोबतीला दोघं-तिघं. सुट्टी होईपर्यंत त्या सगळ्यांचा मुक्काम इथेच.

सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात चित्रं पाहायला माणूस हौसेनं जातो. एखादं नाही रुचलं, तर पुढे सरकतो. हाताला सलाईन लावून पडलेला माणूस कुठे सरकणार? समोर जे टांगलं, ते त्याला बघावंच लागतं. दवाखान्यातल्या प्रदर्शनाचा सगळा विचार इथून सुरू व्हायला हवा, आणि बहुतेक वेळा नेमका इथूनच तो होत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलला हे कळलं होतं. तापात लाकडी झोपडीत पडून असताना खिडकीबाहेरचं दिसत नाही, डोळ्यांसमोर फक्त फळ्यांतल्या गाठी, याचा किती जाच होतो हे तिनं 1859 मध्येच लिहून ठेवलं. पुढे 1984 मध्ये रॉजर अल्रिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाल्यांना सुट्टी थोडी लवकर मिळाली, तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. चित्रांची बाजू मांडणारे हा दाखला हमखास देतात. पण ती खिडकी होती, चित्र नव्हतं, हे लक्षात असू द्यावं. चित्रांचा प्रयोग स्वीडनमध्ये झाला, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवर. झाडं आणि पाणी असलेल्या चित्रानं त्यांची घालमेल कमी झाली. सरळ रेघांच्या अमूर्त चित्रानं उलट वाढली. म्हणजे चुकीच्या चित्रापेक्षा कोरी भिंत बरी.

(दृश्य: ताडोब्याच्या वाघाचं मोठं छायाचित्र)

आणि नागपुरात चुकीचं चित्र कोणतं लागेल, हे आधीच सांगता येतं. वाघ! विमानतळापासून हॉटेलपर्यंत जिथे पाहावं तिथे तो आहेच. पण ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडून आलेल्या माणसाला वाघ म्हणजे सफारी नव्हे. मोहफुलं वेचायला पहाटे निघालेलं गावातलं कोणी तरी परत आलेलं नसतं. त्याच्या खाटेसमोर तो जबडा लावायचा?

त्यापेक्षा फाल्गुनातला पळस लावा. गोंदियाकडच्या धानाच्या बांध्या, नवेगावबांधचा तलाव, काटोलची संत्र्याची बाग लावा. गोंड चित्रकारांची झाडं आणि हरणं लावा; ती तर इथल्या कितीतरी पेशंटच्या ओळखीची. लहान मुलांच्या वॉर्डात तान्ह्या पोळ्याचे सजवलेले लाकडी बैल. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या मुलांना पुन:पुन्हा भरती व्हावं लागतं. त्यांना खाटेवर बसून रंगवता येतील असे कोरे बैलही हाताशी असू द्यावेत.

चित्रं काढणारे हात गावातच आहेत. शासकीय चित्रकला महाविद्यालयाची मुलं आहेत. महालातल्या चितार ओळीत मूर्ती रंगवणारे आहेत, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे आहेत.

(दृश्य: वऱ्हांडा, चटईवर बसलेले नातेवाईक)

उंचीचं गणितही वेगळं. कलादालनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर धरतात, उभ्या माणसाच्या नजरेला धरून. इथे उभं असतं कोण? डॉक्टर, सिस्टर आणि रांग. आई भरती असलेला मुलगा वऱ्हांड्यात चटईवर बसलेला. त्याची नजर त्याहून कितीतरी खाली. स्ट्रेचरवरच्याला तर फक्त छत दिसतं, पंखे दिसतात. म्हणून वऱ्हांड्यात चित्र खाली यावं आणि ऑपरेशन थिएटरच्या वाटेवर वर, छताला जावं.

काच नको, ॲक्रिलिक हवं. फुटलं तर तुकडे नकोत आणि जंतुनाशकानं पुसता आलं पाहिजे. कॅनव्हासच्या खडबडीत पोतात धूळ बसते, त्यामुळे वॉर्डात छापील प्रती आणि मूळ चित्रं प्रतीक्षालयात. मे महिन्यात कूलरच्या ओल्या हवेनं कागद फुगतो. चौकट भिंतीला घट्ट बसलेली हवी, नाही तर मागे पाली संसार थाटतात. हे सगळं रोज पुसणाऱ्या मावशींना आधी विचारलेलं बरं. रात्रपाळीच्या सिस्टरांच्या खोलीलाही एखादं चित्र द्यावं. तिथे बहुधा ड्यूटीचा तक्ताच लटकत असतो.

आणखी एक उपयोग होतो, तो पत्त्याचा. मराठी, हिंदी, गोंडी, छत्तीसगढी बोलणारी, कधी अक्षरओळख नसलेली माणसं पाट्या कशा वाचणार? “पळसापासून डावीकडे, तळ्यासमोर एक्सरे” एवढं सांगितलं की काम झालं.

(दृश्य: डायलिसिस कक्ष)

तेच चित्र कायम ठेवून मात्र चालणार नाही. लंडनमध्ये 1959 साली ‘पेंटिंग्ज इन हॉस्पिटल्स’ या संस्थेनं रुग्णालयांना चित्रं उसनी द्यायला सुरुवात केली. ती पद्धत इथेही जमण्यासारखी आहे. डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतो, चार-चार तास पडून असतो. एखादं चित्र त्याच्याइतकं कोणी बघत नसेल. दर तीन महिन्यांनी चित्रं बदलताना कोणतं उतरवायचं आणि कोणतं राहू द्यायचं, हे त्यालाच विचारावं.